वाचक विचारतात : इराणची वर्तमानपत्रं, शिळाप्रेसपासून बंदीहुकमापर्यंत

इराणी वृत्तपत्रांच्या इतिहासाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारखेच प्रश्न एकत्र केले असून लांबलचक पत्रांचा फक्त गाभा दिला आहे.

प्रश्न (सातारा) : इराणचं पहिलं वर्तमानपत्र एका पुस्तकात १८३७ चं म्हटलंय, दुसऱ्यात १८५१ चं. खरं कोणतं? आणि आपलं 'दर्पण' त्याच्या आधीचं की नंतरचं?

पहिलं १८३७ चंच. मिर्झा सालेह शिराझी या गृहस्थांना युवराज अब्बास मिर्झा यांनी १८१५ साली इंग्लंडला शिकायला पाठवलं होतं. तिथे ते छपाई शिकले आणि १८१९ मध्ये परतले. मुहम्मद शाह काजार यांच्या कारकिर्दीत, १८३७ च्या मे महिन्यात त्यांनी तेहरानला मासिक स्वरूपाचं पत्र काढलं. त्याला धड नावही नव्हतं. माथ्यावर सिंह आणि सूर्याचं राजचिन्ह, मोठ्या आकाराचे दोन ताव, तेही एकाच बाजूला छापलेले. लोक त्याला 'कागज-ए-अखबार' म्हणत आणि तेच नाव पुढे रूढ झालं. ते फार काळ चाललं नाही. अंकही इतके थोडे उरले की १८३९ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एका अंकाचा मजकूर छापला गेला नसता, तर अभ्यासकांच्या हाती फारसं काही लागलं नसतं.

१८५१ चं पत्र म्हणजे 'वकाये-ए-इत्तेफाकिये'. नासिरुद्दीन शाहाचे पंतप्रधान अमीर कबीर यांनी ते फेब्रुवारीत सुरू केलं. हे साप्ताहिक होतं, नियमित होतं आणि वर्षानुवर्षं चाललं. म्हणून 'पहिलं नियमित पत्र' हा मान त्याचा. पुस्तकं 'नियमित' हा शब्द गाळतात आणि घोळ होतो. वर्गणीदार मिळवण्याची अमीर कबीरांची रीत साधी होती : वर्षाला दोनशे तुमानांच्या वर पगार असलेल्या सरकारी माणसाने वर्गणी भरलीच पाहिजे. पत्र सरकारी, वाचक सरकारी, पैसाही फिरून सरकारीच. त्याच वर्षअखेर अमीर कबीर पदावरून गेले आणि जानेवारी १८५२ मध्ये काशानजवळच्या फीन बागेतल्या हमामखान्यात, शाहाच्या हुकमाने, त्यांच्या शिरा कापून त्यांना मारलं. त्यांनीच काढलेल्या पत्रात बातमी आली ती मात्र काशान इथे निधन झाल्याची. इराणी पत्रं वाचताना हा नमुना ध्यानात ठेवावा. छापलेली तारीख आणि ठिकाण सहसा बरोबर असतं, मृत्यूचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

'दर्पण' ६ जानेवारी १८३२ चं, म्हणजे तेहरानच्या पाच वर्षं आधीचं. पण फारसी भाषेतलं पत्र आणि इराणातलं पत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजा राममोहन रॉय यांनी कलकत्त्यात 'मिरात-उल-अखबार' हे फारसी साप्ताहिक एप्रिल १८२२ मध्ये काढलं होतं, तेहरानच्या पंधरा वर्षं आधी. काही पत्रलेखकांनी 'मुंबई समाचार'लाही या यादीत बसवलंय. ते पारशी गृहस्थाने काढलेलं, पण भाषा गुजराती. इराणशी त्याचा संबंध तेवढ्याने जुळत नाही. आणि इराणातलं दुसरं पत्र कोणतं, असं कुणी विचारलं तर उत्तर फारसीत नाही : उर्मिया इथे अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४९ मध्ये असिरियन ख्रिस्ती लोकांसाठी त्यांच्या सुरयानी बोलीत 'झहरीरे द-बहरा' सुरू केलं.

प्रश्न (कोल्हापूर, छपाई व्यवसायातले वाचक) : तब्रिझला १८१७ च्या सुमारास खिळ्यांचा छापखाना आला होता ना? मग त्यानंतरची पत्रं शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापलेली, का? हे मागे जाणं झालं नाही का?

दिसतं तसं, पण हिशोब मांडला की कळतं. फारसी लिपीत बहुतेक अक्षरांची चार रूपं : सुटं, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. एवढ्यावर निभावलं असतं. पण इराणी वाचकाला सवय नस्तालीक वळणाची. नस्तालीकात शब्द एका ओळीत बसत नाही, उजवीकडून डावीकडे उतरत जातो. एकच अक्षर पुढे काय येतं त्यावर कधी वर, कधी खाली बसतं. अशा वळणाचे खिळे पाडायचे तर शेकडो जोड ओतावे लागणार. म्हणून खिळ्यांची छपाई झाली ती सरळ बसणाऱ्या नस्ख वळणात आणि ती वाचायला लोक नाखूश. शिवाय खिळे परदेशातून, आणि ते जुळवणारे हात नाहीत. याउलट शिळाप्रेसला एक चांगला कातिब, म्हणजे सुंदर हस्ताक्षराचा लेखनिक, पुरे. तसे कातिब इराणात गल्लोगल्ली होते. १८३० च्या दशकात तब्रिझला शिळाप्रेस आला आणि पुढच्या काही दशकांत खिळ्यांची छपाई जवळजवळ मागे पडली. मराठीतल्या शिळाछाप पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे नवं वाटणार नाही.

काम चाले ते असं. मेण, साबण, चरबी आणि काजळी यांची तेलकट शाई. खळ लावून गुळगुळीत केलेल्या कागदावर कातिब या शाईने नेहमीसारखं सुलटं लिहितो. हा कागद ओलसर करून घोटलेल्या चुनखडीच्या दगडावर पालथा ठेवतात आणि दाब देतात. खळ सुटते, अक्षर उलटं होऊन दगडावर उतरतं. मग दगडाला डिंकाचं पाणी आणि किंचित नायट्रिक आम्ल. यामुळे कोरी जागा पाणी धरते, अक्षराची जागा चरबी धरते. प्रत्येक प्रतीआधी दगड ओल्या फडक्याने पुसायचा, शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवायचा, दाबपट्टीखालून काढायचा. काम संपलं की वाळू आणि पाण्याने दगड घासून पुन्हा कोरा.

चुकतं कुठे? दगड सुकला तर कोऱ्या जागेवरही शाई चढते आणि पान मळकट दिसतं. पाणी जास्त झालं तर अक्षर फिकं पडतं. शाई पातळ किंवा दाब अधिक असेल तर प्रतींगणिक रेषा फुगत जातात. फारसीत हा शेवटचा दोष सगळ्यांत महाग पडतो, कारण अक्षरांतला फरक नुक्त्यांवर, म्हणजे ठिपक्यांवर, असतो. खाली एक नुक्ता तर 'बे', खाली तीन तर 'पे', वर दोन तर 'ते'. उशिरा काढलेल्या प्रतींत तीन नुक्त्यांचा एक ठिपका होतो आणि माणसाचं किंवा गावाचं नाव बदलून जातं. जुन्या अंकातलं नाव जुळत नसेल तर आधी दुसरी प्रत पाहावी, मग इतिहासकाराला दोष द्यावा. दगड खाली नीट टेकलेला नसेल तर दाबाखाली तडकतो आणि मग सगळं पान पुन्हा लिहावं लागतं. दगडावरची दुरुस्ती उलट्या अक्षरात करावी लागते, म्हणून राहिलेले शब्द पुष्कळदा समासात तिरपे लिहिलेले सापडतात.

हातात अंक असेल तर ओळखायचं कसं? पानाच्या मागून बोट फिरवा. खिळ्यांचा दाब मागे हलका उठतो, शिळाछापात पाठ सपाट असते. एकच अक्षर चार ठिकाणी पाहा. तंतोतंत सारखं असेल तर खिळे. ओळ संपताना शब्द एकमेकांवर चढवून बसवले असतील तर कातिबाचा हात. वळण नस्तालीक असेल तर त्या काळात बहुधा शिळाछापच. नस्ख असेल तर दोन्ही शक्यता, कारण दगडावर नस्खही लिहीत.

प्रश्न (डोंबिवली) : इराणी लोकांचं एक मोठं पत्र कलकत्त्याहून निघायचं असं ऐकलं. एवढ्या लांबून कशासाठी? आणि ते पोचायचं कसं?

पत्राचं नाव 'हब्लुल मतीन'. सय्यद जलालुद्दीन काशानी, किताब मुअय्यिदुल इस्लाम, यांनी ते १८९३ मध्ये कलकत्त्यात काढलं आणि १९३० पर्यंत चालवलं. उत्तरायुष्यात दृष्टी गेली तरी संपादन सोडलं नाही. 'कशासाठी' याचं उत्तर तेहरानच्या सेन्सॉर कचेरीत आहे. नासिरुद्दीन शाहाच्या शेवटच्या दशकात देशात छापलं जाणारं प्रत्येक पान इतिमादुस्सल्तने यांच्या खात्याच्या नजरेखालून जाई. त्यामुळे वाचण्याजोगं जे होतं ते बाहेर छापलं जाई : इस्तंबूलहून 'अख्तर' (१८७६ पासून), लंडनहून 'कानून' (१८९०), कैरोहून 'हिकमत' आणि 'सुरय्या', आणि कलकत्त्याहून हे.

यांतली दोन पत्रं जरा जवळून पाहण्यासारखी आहेत. १८९० मध्ये शाहाने एका इंग्रजाला देशातल्या सगळ्या तंबाखूच्या खरेदी-विक्रीचा मक्ता पन्नास वर्षांसाठी दिला. बदल्यात वर्षाला १५,००० पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा. 'अख्तर'ने शिव्या दिल्या नाहीत. त्याने तुर्कस्तानातल्या तशाच मक्त्याच्या अटी शेजारी मांडल्या. तिथे सरकारला मिळणारी रक्कम कित्येक पटींनी मोठी होती आणि मक्ता लहान होता. व्यापाऱ्याला समजेल अशा भाषेतला हा हिशोब बाजारात फिरला. डिसेंबर १८९१ मध्ये तंबाखूबंदीचा फतवा निघाला आणि जानेवारीत मक्ता रद्द झाला. श्रेय एकट्या 'अख्तर'चं नाही, पण आकडे त्यानेच पुरवले होते.

'कानून' काढणारे मिर्झा मल्कम खान हे लंडनमधले माजी इराणी राजदूत, लॉटरीच्या मक्त्याच्या भानगडीत पद गेलेले. माणूस धुतल्या तांदळासारखा नव्हता, पण लेखणी धारदार. त्यांच्या अंकावर किमतीच्या जागी आधी नाणं छापलेलं असे, पुढे तिथे 'पुरेशी समज' असं येऊ लागलं. 'कानून'चे अंक चाळीसच्या आसपासच निघाले आणि ते बाळगणं इराणात गुन्हा होता.

पोचण्याचा मार्ग : मुंबई ते इराणी आखातावरचं बुशहर बंदर अशी आगबोटींची नियमित ये-जा होती, आणि बुशहरमध्ये १८६४ पासून १९२३ पर्यंत हिंदुस्थानच्या टपाल खात्याची स्वतःची कचेरी होती. तिकिटं हिंदुस्थानची, शिक्का बुशहरचा. टपालतिकिटं जमवणाऱ्यांना ही पाकिटं माहीत असतात. मुंबईत छापलेली शिळाछाप फारसी पुस्तकंही याच समुद्रमार्गाने इराणात जात. 'हब्लुल मतीन'वर इराणात अधूनमधून बंदी येई. पण एक वाटा सरकारच्या हाताबाहेरचा होता : बाकूचे तेलव्यापारी हाजी जैनुलआबिदीन तकीयेव यांनी नजफ या शिया धर्मक्षेत्रातल्या उलेमांना (धर्मपंडितांना) जाणाऱ्या प्रतींचे पैसे भरले होते. नजफ तुर्की राज्यात. तिथे वाचलं गेलेलं तेहरानच्या मशिदीत पोचायला बंदी आड येत नसे.

प्रश्न (पुणे) : १९०६ च्या राज्यघटनेनंतर पत्रांचा पूर आला म्हणतात. त्यातलं एकच नाव घ्यायचं तर?

'सूर-ए-इसराफील'. पूर खराच होता. एडवर्ड ब्राउन आणि मुहम्मद अली तरबियत यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत ३७१ फारसी नियतकालिकांची नोंद आहे. बरीचशी दोन-चार अंकांत आटोपलेली. 'सूर-ए-इसराफील'चा पहिला अंक ३० मे १९०७ चा, साप्ताहिक, संपादक मिर्झा जहांगीर खान शिराझी. माथ्यावर तुतारी फुंकणारा देवदूत. लोक मात्र विकत घेत ते शेवटच्या पानांवरच्या 'चरंद-ओ-परंद' या सदरासाठी. अली अकबर देहखुदा ते 'दखो' या नावाने लिहीत. अफूबाज, मुल्ला, सरदार, खेडवळ बाई, जो तो आपल्या बोलीत बोलतो. दरबारी फारसीची जडजंबाल वाक्यं ज्या वर्गाला कळत नव्हती त्याला हे कळलं, आणि आधुनिक फारसी गद्याची वाट इथून फुटली असं इराणी समीक्षक मानतात.

बत्तीस अंक निघाले. २३ जून १९०८ ला मुहम्मद अली शाहाने संसदेवर तोफा डागल्या. दुसऱ्याच दिवशी जहांगीर खानांना बाग-ए-शाहमध्ये मारण्यात आलं. देहखुदा निसटले, स्वित्झर्लंडमधल्या इव्हरदों गावातून १९०९ मध्ये आणखी तीन अंक काढले. संग्रह पूर्ण आहे का पाहणाऱ्यांनी हे तीन मोजायला विसरू नये. पुष्कळ संच बत्तिसावर थांबतात.

प्रश्न (नागपूर) : जुन्या बाजारात तीन इराणी अंक मिळाले. सालं अनुक्रमे १३२५, १३५० आणि २५३६. शेवटचं तर भविष्यातलं वाटतं!

भविष्यातलं नाही, ते १९७७-७८ चं आहे. इराणी अंकांवर तीन कालगणना भेटतात.

काजार घराण्याच्या काळात चांद्र हिजरी. रूपांतराला साधं गणित : सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १२५३ × ०.९७ म्हणजे सुमारे १२१५, अधिक ६२२, झाले १८३७. वर्षभर इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून महिना पाहावाच. ३१ मार्च १९२५ च्या कायद्याने सौर हिजरी सर्वत्र लागू झालं. तिथे नवरोजपासून (मार्चमधलं इराणी नववर्ष) डिसेंबरअखेरपर्यंत ६२१ मिळवा, जानेवारीपासून मार्चच्या २० पर्यंत ६२२. तिसरी शाही कालगणना, प्राचीन इराणी सम्राट सायरसपासून मोजलेली. मुहम्मद रझा शाहांनी मार्च १९७६ मध्ये आणली, ऑगस्ट १९७८ मध्ये दबावाखाली मागे घेतली. २५३५ ते २५३७ एवढेच आकडे दिसतात. त्यातून ११८० वजा केले की सौर हिजरी मिळतं, ५५९ वजा केले की इसवी सन. त्यातही जानेवारी ते मार्चसाठी एक वाढवायचा.

तुमच्या पहिल्या अंकात खरी अडचण आहे. १३२५ चांद्र म्हणजे १९०७, १३२५ सौर म्हणजे १९४६. मधे एकोणचाळीस वर्षं! निवाडा महिन्याच्या नावावरून. मुहर्रम, सफर, रबी असं काही असेल तर चांद्र. फरवरदीन, ऊर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर वगैरे असेल तर सौर. हमल, जौझा अशी राशींची नावं दिसली तर अंक १९११ ते १९२५ च्या दरम्यानचा समजा. तेव्हा सरकारी हिशोबाला ती वापरत आणि शेजारी चांद्र तारीखही छापत. सालाच्या पुढचं एक अक्षरही मदत करतं : 'काफ' म्हणजे कमरी, चांद्र. 'शीन' म्हणजे शम्सी, सौर. पुसट छपाईत यांच्यावर विसंबू नका, वर नुक्त्यांबद्दल लिहिलंय ते आठवा.

दुसरा अंक, १३५० : सौर धरला तर १९७१-७२. चांद्र धरला तर १९३१-३२, पण तोवर कायदा बदललेला होता. तेव्हा सौरच. पडताळ्यासाठी वार जुळवून बघा. इराणात शुक्रवार सुटीचा, दैनिकं निघत नाहीत. नवरोजच्या सुट्यांतही, फरवरदीनच्या तेरा तारखेपर्यंत, बहुतेक दैनिकं बंद असतात. त्या दिवसांचे अंक 'गहाळ' आहेत असं कुणी सांगत असेल, तर ते मुळात छापलेच नव्हते.

२५३६ चा अंक 'इत्तेलाआत' या दैनिकाचा असेल आणि तारीख १७ दे ('दे' हा इराणी महिना) असेल, तर जपून ठेवा. ७ जानेवारी १९७८ चा तो अंक. त्यात अहमद रशीदी मुतलक या टोपणनावाने खोमेनींवर चिखलफेक करणारा लेख आला, दोन दिवसांनी कोम या धर्मनगरीत गोळीबार झाला आणि क्रांतीचं चक्र फिरायला लागलं.

प्रश्न (औरंगाबादहून दोन पत्रं) : एका ग्रंथालयात 'केहान' आणि 'इत्तेलाआत'चे १९७८ च्या शेवटचे अंकच नाहीत. फाडले गेले की जाळले?

दोन्ही नाही. ६ नोव्हेंबर १९७८ पासून ६ जानेवारी १९७९ पर्यंत पत्रकार आणि छापखान्यातले कामगार संपावर होते, एकूण बासष्ट दिवस. लष्करी सरकार आल्यावर सेन्सॉर पुन्हा कचेरीत बसणार, हे दिसताच त्यांनी काम थांबवलं. ऑक्टोबरमध्येही चार दिवसांचा छोटा संप झाला होता. बांधणीत तेवढीही फट दिसेल. 'इत्तेलाआत' १९२६ चं आणि 'केहान' १९४२ चं, दोन्ही संध्याकाळची दैनिकं. म्हणूनच १६ जानेवारी १९७९ ला शाह दुपारी विमानात बसले आणि त्याच संध्याकाळी 'शाह रफ्त', शाह गेला, हा पानभर मथळा रस्त्यावर होता. सकाळच्या पत्रांना हे दुसऱ्या दिवसाशिवाय जमलं नसतं.

प्रश्न (ठाणे) : आज इराणात कुणी वर्तमानपत्र काढायचं ठरवलं तर काय करावं लागतं? आणि बंद कसं करतात?

आधार १९८६ चा मुद्रण कायदा, एप्रिल २००० मध्ये कडक केलेला. आधी परवाना. तो सांस्कृतिक मंत्रालयातलं सात जणांचं देखरेख मंडळ देतं : एक न्यायाधीश, मंत्री किंवा त्यांचा प्रतिनिधी, एक खासदार, एक विद्यापीठीय प्राध्यापक, संपादकांचा एक प्रतिनिधी, कोमच्या धर्मपीठातला एक शिक्षक आणि सांस्कृतिक क्रांती परिषदेचा एक सदस्य. परवानाधारक आणि जबाबदार संचालक, दोन्ही नावं कागदावर लागतात. खटला झाला तर पहिला बोलावला जातो तो जबाबदार संचालक, लेख कुणाचाही असो.

१९९८ नंतर सुधारणावादी संपादकांनी यातली एक फट शोधली. 'जामेए' बंद झालं की तीच मंडळी, तेच टेबल, दुसऱ्या कुणाच्या तयार परवान्यावर 'तूस' काढत. ते बंद झालं की 'नेशात', मग 'अस्र-ए-आजादेगान'. वाचकाला फक्त नवं नाव शिकावं लागे. २००० च्या दुरुस्तीने ही फट बुजवली : बंद पत्राच्या नावाशी, चिन्हाशी किंवा मांडणीशी गोंधळ होईल असं पत्र काढता येत नाही.

त्याच एप्रिलमध्ये काही दिवसांत डझनाहून जास्त पत्रं बंद झाली. हत्यार नव्या कायद्याचं नव्हतं. १९६० सालचा एक प्रतिबंधक कायदा वापरला गेला, जो सराईत गुन्हेगारांच्या हातातली गुन्ह्याची साधनं काढून घेण्यासाठी केलेला होता. न्यायालयाने वर्तमानपत्र हेच साधन मानलं. या वाटेने अंमल लगेच होतो आणि खटला नंतर उभा राहतो. त्यामुळे 'तात्पुरती बंदी' असा शिक्का असलेली पत्रं वर्षानुवर्षं तात्पुरतीच बंद राहिली. अंकांच्या शेवटच्या तारखा तपासताना संपादकाच्या निरोपाचा लेख शोधू नका. बहुतेकांना तो लिहायला वेळ मिळालेला नाही. शेवटचा अंक नेहमीसारखाच दिसतो, उद्याच्या जाहिरातीसकट.